चाळीस किलो, ११८ ग्रॅम

धानखरेदीचे दिवस होते. तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत भाची जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर लॅपटॉप, शेजारी जुना ३२ बिटी रास्पबेरी पाय बोर्ड, आणि लाकडी पाटाखाली बसवलेला लोडसेल. तिल्द्याजवळच्या एका ओळखीच्या राइस मिलमध्ये कट्टे तोलायला स्वतः बनवलेला काटा लावून बघायचा, असे तिने ठरवले होते. लोडसेलचे आकडे वाचणाऱ्या चिपसाठी लिनक्सचा ड्रायव्हरही तिने शिकण्यासाठी म्हणून स्वतःच लिहायला घेतला होता.

"मामा, लॅपटॉपसाठी बिल्ड होतंय. बोर्डसाठी केलं की अगदी शेवटी अडतंय. आणि चूक कुठल्या ओळीत आहे तेही सांगत नाही."

पडद्यावर एकच तक्रार होती. दोन अंडरस्कोअर आणि पुढे 'एईएबीआय यूएलडिव्हमॉड' असे नाव, आणि हे नाव कुठेच सापडत नाही एवढा निरोप. भाचीने अशा नावाचे फंक्शन लिहिले नव्हते, कुठे बोलावलेही नव्हते. तिने लिहिले होते ते फक्त भागाकाराचे चिन्ह, एकदाच.

कर्नेलवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही तक्रार कधी ना कधी भेटते. इंटेलच्या ३२ बिटी यंत्रावर नाव वेगळे येते: 'यूडिव्हडीआय३'. नावे चमत्कारिक दिसतात, पण फोडली की सरळ आहेत. 'यू' म्हणजे चिन्हविरहित संख्या, 'डिव्ह' म्हणजे भागाकार, 'डीआय' म्हणजे डबल इंटिजर, अर्थात ६४ बिटांचा पूर्णांक, आणि '३' म्हणजे यात तिघे गुंतलेत: भाज्य, भाजक आणि उत्तर. एआरएमच्या नावातले 'डिव्हमॉड' सांगते की भागाकार आणि बाकी दोन्ही एकदमच मिळतील.

ही नावे आली कंपायलरकडून. ६४ बिटी लॅपटॉपच्या प्रोसेसरला ६४ बिटांची संख्या ६४ बिटांच्या संख्येने भागण्याची आज्ञा येते, त्यामुळे भागाकाराच्या चिन्हाच्या जागी ती एक आज्ञा बसते आणि काम संपते. ३२ बिटी प्रोसेसरला एवढा मोठा भागाकार एका आज्ञेत येत नाही. पहिल्या रास्पबेरी पायमधल्या एआरएम ११ घराण्यातल्या प्रोसेसरला तर भागाकाराची आज्ञाच नाही, लहान संख्यांसाठीसुद्धा नाही. अशा वेळी कंपायलर म्हणतो, हे काम करणारे एक तयार फंक्शन आहे, त्याला हाक मारतो. ते फंक्शन असते जीसीसीसोबत येणाऱ्या 'लिबजीसीसी' या मदतनीस लायब्ररीत. आपले रोजचे प्रोग्रॅम ती न सांगता जोडून घेतात, म्हणून साध्या प्रोग्रॅममध्ये ही अडचण कधी दिसत नाही. लिनक्सचा कर्नेल मात्र बहुतेक यंत्रांवर ही लायब्ररी जोडतच नाही. हाक मारली जाते आणि ओ द्यायला कुणी नसते. कंपायलरचे काम पूर्ण झालेले असते. अडते ते पुढे, सगळे तुकडे जोडण्याच्या पायरीवर, म्हणून ओळीचा क्रमांकही येत नाही.

इथे पहिला प्रश्न येतो तो असा, की मग कर्नेलने ही लायब्ररी जोडून का टाकू नये? फ्रीबीएसडीच्या कर्नेलने साधारण हाच रस्ता धरला. या भागाकारांची फंक्शने त्यांनी आपल्याच घरात लिहून ठेवली आहेत. लिनक्समध्ये उलटा आग्रह आहे. ३२ बिटी यंत्रावर ६४ बिटी भागाकार महाग असतो, एका आज्ञेऐवजी आज्ञांचे एक आख्खे वळण फिरावे लागते. एखाद्याने सहज म्हणून भागाकाराची तिरपी रेघ मारावी आणि ती नेटवर्कच्या प्रत्येक पॅकेटमागे किंवा घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यामागे चालत राहावी, हे कर्नेलला नको असते. म्हणून एआरएमच्या कर्नेलमध्ये ३२ बिटी भागाकारासाठी फंक्शन ठेवलेले आहे, ६४ बिटीसाठी त्या नावाचे मुद्दाम ठेवलेले नाही. तुम्हाला हा भागाकार खरोखर हवा असेल, तर तो नाव घेऊन मागा, असे ते सांगणे आहे. मला हा आग्रह पटतो. भाचीला त्या संध्याकाळी तो पटला नव्हता, आणि त्यात तिचे चुकत होते असेही मला वाटत नाही. ज्याचे काम अडलेले असते त्याला तत्त्व नंतर कळते.

तिची रीत बघा. चिपकडून २४ बिटांचा कच्चा आकडा येतो, म्हणजे जास्तीत जास्त १ कोटी ६७ लाखांच्या घरातला. तिच्या काट्यावर एका ग्रॅममागे २१ मोजण्या येत होत्या. आम्ही पाटावर २० किलोची दोन लोखंडी वजने ठेवली की आकडा यायचा ८,४०,०००. कर्नेलमध्ये दशांश अपूर्णांक वापरत नाहीत, सगळा हिशेब पूर्णांकांत करायचा. म्हणून तिने उत्तर मिलिग्रॅममध्ये काढले, आणि काट्याचा गुणक २१ ऐवजी २१,००० असा हजारपटीत ठेवला, म्हणजे पुढे २१.३७५ सारखा गुणक आला तरी तो पूर्णांकात बसावा. कच्चा आकडा गुणिले १० लाख, भागिले २१,०००. गणित बरोबर आहे. पण ८,४०,००० गुणिले १० लाख म्हणजे ८४,००० कोटी, आणि ३२ बिटांच्या डब्यात शून्यापासून मोजून मावतात फक्त ४,२९,४९,६७,२९६ संख्या, सुमारे ४२९ कोटी. म्हणून गुणाकारासाठी तिने ६४ बिटांचा डबा घेतला, आणि भागाकाराचे चिन्ह त्या डब्यावर पडले.

मी जेवून वर येईपर्यंत तिने तोड काढली होती. गुणाकारापुढे कंसात 'यू३२' लिहून टाकले, म्हणजे कंपायलरला सांगितले की ही संख्या ३२ बिटांचीच समज. तक्रार गेली, बिल्ड झाले, मॉड्यूल बोर्डवर चढले. तिने वजने पाटावर ठेवली. पडद्यावर आले ११८ ग्रॅम.

चाळीस किलोचे ११८ ग्रॅम कसे झाले, हे कागदावर करून बघण्यासारखे आहे. ८४,००० कोटींमध्ये ४,२९,४९,६७,२९६ हा आकडा १९५ वेळा जातो आणि उरतात २,४८,१३,७७,२८०. डबा लहान झाला की वरचे १९५ सांडतात, खालची बाकी तेवढी उरते. तिला २१,००० ने भागले की १,१८,१६० मिलिग्रॅम. यंत्राने कुठेही चूक केली नाही, इशाराही दिला नाही. या दुखण्यावरचा हा सगळ्यात वाईट उपाय आहे, कारण अडलेले बिल्ड निदान दिसते. ११८ ग्रॅम आले म्हणून आमच्या लक्षात तरी आले. आकड्यांचा मेळ वेगळा असता तर खरे वाटेल असे चुकीचे वजन दिसले असते, आणि ते एखाद्या तोलाईत खपून गेले असते.

मग आम्ही खरा भागाकार कसा करायचा ते कागदावर मांडले. शाळेत मोठा भागाकार करताना आपण डावीकडून एकेक अंक घेतो, भाग लावतो, बाकी पुढच्या अंकाशेजारी उतरवतो. ३२ बिटी यंत्रही तेच करते, फक्त त्याचा एक 'अंक' ० ते ९ मधला नसून ० ते ४,२९,४९,६७,२९५ मधला असतो. आमची संख्या या पद्धतीत दोनच अंकी आहे: डावीकडे १९५, उजवीकडे २,४८,१३,७७,२८०. आधी १९५ ला २१,००० ने भागा. भाग शून्य, बाकी १९५. ती बाकी उजव्या अंकाशेजारी उतरवा, पुन्हा भागा, उत्तर ४,००,००,०००. चार कोटी मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस किलो. भाचीने पेन खाली ठेवले आणि दोन्ही वजनांकडे बघितले.

इंटेलच्या ३२ बिटी प्रोसेसरला ६४ बिटांच्या भाज्याला ३२ बिटांच्या भाजकाने भागण्याची आज्ञा असते, पण उत्तरसुद्धा ३२ बिटांतच मावले पाहिजे अशी तिची अट आहे. मावले नाही तर प्रोसेसर शून्याने भागल्यावर जी हरकत घेतो तीच इथेही घेतो. आपण २१,००० ऐवजी ७ ने भागायला गेलो असतो तर उत्तर १२,००० कोटी आले असते आणि यंत्र तिथेच थांबले असते. म्हणून कर्नेलचा भागाकार आधी डावा अंक भागतो: १९५ भागिले ७, भाग २७, बाकी ६. ती ६ पुढे नेली की उरलेला भाग नक्की ३२ बिटांत बसतो. बाकी भाजकापेक्षा लहानच असते, हा चौथीतला नियम इथे यंत्राला सांभाळून नेतो.

ज्या यंत्रांना स्वतःची अशी रीत लिहून दिलेली नाही त्यांच्यासाठी कर्नेलमध्ये एक सर्वसाधारण फंक्शन आहे, आणि ते मला फार आवडते. ते भाजकाची दुप्पट करत जाते, २१, ४२, ८४, १६८ अशी, भाज्याला गाठेपर्यंत. मग उलट उतरते आणि प्रत्येक पायरीवर वजा करता येत असेल तर वजा करते, आणि तेवढी पट उत्तरात मिळवते. मोठी वजने आधी, मग लहान, असे तागडीत टाकत आणि काढत जावे तसे ते चालते.

हे सगळे आपण लिहायचे नाही, ते तयार आहे. 'मॅथ६४' ही हेडर फाइल जोडायची आणि नेमक्या नावाने भागाकार मागायचा. भाजक ३२ बिटांचा असेल तर 'डिव्ह यू६४'. भाजकही ६४ बिटांचा असेल तर 'डिव्ह६४ यू६४'. संख्या ऋण होऊ शकत असेल तर 'यू'च्या जागी 'एस' असलेली भावंडे. बाकी हवी असेल तर नावाच्या शेवटी 'रेम' असलेले. भाचीचा भाजक २१,०००, तो कितीही वाढला तरी ३२ बिटांबाहेर जाणार नव्हता, म्हणून तिच्यासाठी पहिले. एका ओळीची दुरुस्ती, पण भाजक किती मोठा होऊ शकतो हे माहीत असल्याशिवाय ती ओळ लिहिता येत नाही.

'डू डिव्ह' नावाचे एक जुने मॅक्रोही आहे आणि अजून खूप ठिकाणी दिसते. त्याच्याशी जपून वागावे. ते भागाकार परत देत नाही, बाकी परत देते, आणि भागाकार गुपचूप त्याच भाज्याच्या डब्यात ठेवून जाते. 'क्ष बरोबर डू डिव्ह क्ष, १०' असे लिहिले की क्ष मध्ये उरतो शेवटचा अंक. त्याहून धोक्याचे म्हणजे त्याला ६४ बिटांचा भाजक दिला तर ते त्याचे खालचे ३२ बिटच वापरते. भाजक नेमका ४,२९,४९,६७,२९६ असेल तर खालचे सगळे बिट शून्य, आणि आपण शून्याने भागत असतो.

६४ बिटांनी ६४ बिटांना भागण्याची गोष्ट जरा निराळी. तिथे भाजकच दोन अंकी होतो. कर्नेल काय करतो, तर भाजक ३२ बिटांत मावेपर्यंत भाजक आणि भाज्य दोघांनाही सारख्याच पटीने लहान करतो, त्यांचा भागाकार घेतो, आणि शेवटी एकाचा फरक पडला असेल तर तो दुरुस्त करतो. हे वाचताना मला लीलावती आठवली. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या त्या ग्रंथात भागाकाराचा नियम आहे: सर्वांत वरच्या स्थानापासून सुरू करा, भाजकाची किती पट वजा होते ते पाहा, तोच भाग. आणि जमत असेल तर आधी दोघांना एखाद्या सारख्या संख्येने संक्षेप द्या, मग भागा. भास्कराचार्यांचा संक्षेप नेमका असतो, कर्नेलचा अंदाजी, म्हणून कर्नेलला शेवटची दुरुस्ती लागते. पण डोके त्याच वाटेने चाललेले आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला दान मिळाले, त्याची ती नोंद. भागाकार शिकवायला जमीन आणि उत्पन्न तोडून देणारे लोक आपल्याकडे होते, याचे मला नेहमी बरे वाटते.

भाचीचा पुढचा प्रश्न चांगला होता. "याच फाइलमध्ये वर मी १०२४ ने भागलंय, तेही ६४ बिटीच आहे. ते का नाही अडलं?" कारण १०२४ हा दोनाचा घात आहे. दोनाच्या घाताने भागणे म्हणजे बिट उजवीकडे सरकवणे, दशमानात १००० ने भागताना आपण तीन घरे मागे येतो तसे. कंपायलर ते स्वतःच करून टाकतो, कुणाला हाक मारत नाही. १००० लिहिले की अडते. म्हणून ही तक्रार वेळेच्या हिशेबात फार भेटते: सेकंदात १०० कोटी नॅनोसेकंद, आणि ३२ बिटांत जेमतेम ४.२९ सेकंदांचे नॅनोसेकंद मावतात. वेळ मोजायची तर ६४ बिटी डबा हवाच, आणि सेकंद काढायचे तर दोनाचा घात नसलेल्या संख्येने भागणे आलेच.

ठरलेल्या संख्येने भागताना आणखी एक युक्ती चालते. माझी आजी पाचाने भागायचे असले की दुप्पट करून एक घर मागे यायची. १३५ ला पाचाने भागा: दुप्पट २७०, एक घर मागे, २७. भागाकार गुणाकारात बदलून घेणे ते हेच, आणि ३२ बिटी संख्यांना ठरलेल्या संख्येने भागताना कंपायलर रोज हेच करतो. एका मोठ्या संख्येने गुणतो आणि काही घरे सरकतो. निमकी, पावकी, दिडकी पाठ केलेल्या पिढीला यात नवल वाटू नये.

कधी कधी तर भागाकाराचे चिन्ह न लिहिताही तक्रार येते. २००८ मध्ये जीसीसीची ४.३ आवृत्ती आली. कर्नेलच्या घड्याळाच्या कामात एक साधे वळण, म्हणजे लूप, होते: नॅनोसेकंद १०० कोटी किंवा त्याहून जास्त असतील तोवर १०० कोटी वजा करा आणि सेकंद एकाने वाढवा. बहुतेक वेळा हे वळण एकदाच फिरते किंवा फिरतही नाही, म्हणून मुद्दामच वजाबाकी लिहिलेली. नव्या कंपायलरने ते वाचले, ओळखले की वारंवार वजा करणे म्हणजे भागाकारच की, आणि त्या जागी ६४ बिटी भागाकार बसवला. ३२ बिटी बिल्ड अडले. तोड म्हणून वळणात असेंब्लीची एक रिकामी ओळ घातली गेली. ती काहीच करत नाही, कंपायलरला एवढेच सांगते की ही संख्या इथे बदलू शकते, तू अंदाज बांधू नकोस. ते वळण आजही कर्नेलमध्ये आहे, वर ती ओळ कशासाठी आहे हे सांगणारी टीप आहे.

चिन्ह लपण्याची दुसरी जागा म्हणजे मॅक्रो. वरच्या पूर्णांकापर्यंत नेणारे, पटीत बसवणारे मॅक्रो आतून भागतात. नावाच्या प्रकारांतही ते लपते. डिस्कवरचा सेक्टर क्रमांक ठेवणारा प्रकार बरीच वर्षे एका बिल्ड पर्यायावर कधी ३२ बिटी, कधी ६४ बिटी व्हायचा. ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर ३२ बिटी क्रमांक २ टेराबाइटला संपतो. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर बिल्ड व्हायचे, मोठ्या डिस्कचा पर्याय चालू केलेल्या दुसऱ्याच्या यंत्रावर अडायचे. २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीत तो पर्यायच काढून टाकला आणि सेक्टर सगळीकडे ६४ बिटी झाला. आता नवा बदल पाठवला की इंटेलचा झिरो-डे हा रोबो तो नाना यंत्रांसाठी बिल्ड करून बघतो आणि अडले की लिहिणाऱ्याला मेल करतो. घरी ३२ बिटी यंत्र नसलेल्यांची या तक्रारीशी पहिली भेट बहुधा त्या मेलमधूनच होते.

ओळ क्रमांक येत नसेल तर शोधायचे कसे, हेही भाचीला दाखवले. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलला 'एनएम' ही आज्ञा लावायची. ती फाइल कुणाकुणाला हाका मारते याची यादी मिळते. ज्या फाइलीत ते नाव दिसेल ती उघडायची आणि ६४ बिटी डब्यांवरचे भागाकार आणि बाकीचे चिन्ह शोधायचे. तिच्या बाबतीत दोन मिनिटांचे काम होते.

'डिव्ह यू६४' लिहून झाले, पडद्यावर ४,००,००,००० आले, आणि मी तिला विचारले की हा भागाकार कर्नेलमध्ये हवाच कशाला? लिनक्समध्ये अशा सेन्सरांसाठी आयआयओ नावाची व्यवस्था आहे. तिथे रीत अशी की ड्रायव्हरने कच्चा आकडा द्यायचा आणि शेजारी त्याचा गुणक द्यायचा. गुणाकार वरचा प्रोग्रॅम करतो, आणि त्याला दशांश वापरायला कुणाची मनाई नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. एवढी मेहनत करून मिळवलेली ओळ पुसायची कुणाला आवडेल? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर तिने ड्रायव्हर पुन्हा लिहिला होता. प्रत्येक मोजणीमागचा भागाकार गेला होता. एक 'डिव्ह यू६४' राहिला होता, काटा जुळवताना गुणक काढण्यापुरता, दिवसातून एकदा चालणारा. त्याच्यावर तिने टीप लिहिली होती: भाजक ३२ बिटांबाहेर जात नाही, का ते असे.

त्या रविवारी आम्ही काटा तिल्द्याला नेला. हमालाने पहिला कट्टा पाटावर टाकला. आकडा थोडा हलला आणि ४०.५८ वर थांबला. भाचीचा चेहरा उतरला, तिला नेमके चाळीस हवे होते. हमालाने कट्ट्याच्या तागाला बोट लावून दाखवले, "बारदाना धरके", आणि पुढचा कट्टा उचलायला वळला.